पानाची मागची बाजू

2022च्या मे महिन्यात मी ‘रानफुलांच्या मिश्र बिया’ असं लिहिलेलं एक पाकीट मागवलं. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि पार्किंग यांच्या मधे चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद अशी एक पट्टी पडून होती. इमारत बांधतानाचा राडारोडा, त्यावर मुरूम आणि त्यावर दर पावसाळ्यात छातीपर्यंत वाढणारं गाजर गवत. त्या गवतामुळे दोघातिघांना शिंका सुटायच्या, अंगावर पुरळ यायचं, म्हणून मीटिंगमध्ये विषय निघाला की सरळ पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. मी म्हटलं, एक वर्ष मला द्या, फुलपाखरांची बाग करते. खजिनदार काकांनी वहीत तारीख टाकून ठेवली.

मी बँकेत नोकरी करते. हाताशी रविवार आणि रोजची सकाळची अर्धी घटका, एवढाच वेळ. माळीमामांना बरोबर घेऊन गाजर गवत मुळासकट उपटलं, एक छोटा ट्रक लाल माती आणली, आठ पोती शेणखत मिसळलं आणि पहिल्या पावसावर पाकीट फोडून बी फेकलं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळी पट्टी केशरी-पिवळ्या कॉसमॉसने पेटली होती. मधे मधे झिनिया, कडेने झेंडू. लोक जिन्यावरून फोटो काढायचे. मधमाश्या यायच्या, फुलपाखरंही यायची. मला फार आनंद झाला होता.

शेजारच्या गल्लीत वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांना मी हौसेने बाग दाखवायला बोलावलं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. मी त्यांना म्हटलं, “बघा ना बाई, औषध न मारता एक पान किडलेलं नाही!” त्या उकिडव्या बसल्या. फुलांकडे त्यांनी पाहिलंच नाही. एकेक पान उलटं करून मागची बाजू बघत राहिल्या. पाच-सात मिनिटांनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, “अगं, इथे सगळे चहाला येतायत. राहत कुणीच नाही.”

मला ते लागलं. पण त्यांनी जे समजावलं ते आजवर कुणी समजावलं नव्हतं. कॉसमॉस, झिनिया, झेंडू हे तिन्ही मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे. पाकिटावर रानफुलं लिहिलेलं खरंच होतं, फक्त ते रान आपलं नव्हतं. फुलातला मध कुणीही पितो, त्याला नळीएवढी सोंड पुरते. पण फुलपाखराची अळी मध पीत नाही, पान खाते, आणि पान खाणं ही सोपी गोष्ट नाही. प्रत्येक झाडाच्या पानात त्याचं स्वतःचं विष, चीक, कडवटपणा असतो. ते पचवायची रीत एकेका फुलपाखराच्या कुळाने हजारो पिढ्यांत एकेका झाडाशी जमवलेली असते. म्हणून मादी उडत उडत येते, पानाला पाय टेकवून पायांनीच त्याची चव घेते आणि ओळखीचं पान असेल तरच अंडं घालते. माझ्या बागेत तिला ओळखीचं एकही पान नव्हतं. ज्याचा मला अभिमान वाटत होता ते न किडलेलं पान म्हणजे रिकाम्या घराची खूण होती.

पुढच्या रविवारी बाई मला वेताळ टेकडीवर घेऊन गेल्या. चढावर एका वळणावर त्यांनी बोट दाखवलं. आपल्या गवतामध्ये तोच पिवळा कॉसमॉस पसरलेला. कुणीतरी बागेत लावला, बी वाऱ्यावर, पाण्यावर गेलं आणि आता तो गवताची जागा खातोय. टेकडीवरची गिरिपुष्पाची झाडं मी लहानपणापासून पाहत आलेय, तीही मध्य अमेरिकेतली, वनीकरणात लावलेली. मी घरी आले आणि बी धरायच्या आत सगळा कॉसमॉस उपटला. खाली उभं राहून सोसायटीतल्या दोघींनी मला विचारलं, “अहो, फुललेली बाग का काढताय?” माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. अजूनही दर जूनमध्ये पाच-पंचवीस रोपं उगवतात आणि मी ती काढत असते. झेंडू मात्र एका कोपऱ्यात ठेवला. दसऱ्याला दाराला दुसरं काही बांधायची कल्पना मला करवत नाही.

मग काय लावायचं, याचं उत्तर मिळालं ते गणपतीत. त्या वर्षी गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला होती. आदल्या दिवशी मंडईतून पत्रीची जुडी आणली. दीड दिवसाचा गणपती, विसर्जनानंतर निर्माल्य वेगळं काढताना रुईच्या सुकत चाललेल्या पानाच्या मागच्या बाजूला तिळाएवढी एक अळी दिसली. काळं डोकं, बाकी अंग फिकट. शेजारी पारदर्शक, अर्धवट कुरतडलेलं अंड्याचं टरफल. मी पान डबीत घालून बाईंकडे धावले. त्यांनी भिंगातून पाहिलं. “प्लेन टायगर. कुठून आणलंस पान?” मी म्हटलं, “पत्रीतून.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग यादी तुझ्या घरातच आहे की. पत्री लाव.”

आमच्याकडे आईच्या हातची एक यादी आहे, पूजेच्या पोथीत घडी करून ठेवलेली. घरोघरी ती थोडी वेगळी असते, पण बरीचशी नावं तीच: बेल, रुई, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, बोर, माका, दूर्वा, तुळस, धोतरा, विष्णुक्रांता. त्या रात्री आम्ही दोघींनी ती समोर ठेवली आणि प्रत्येक नावापुढे बाईंनी पेन्सिलीने पाहुणा लिहिला. बेलापुढे लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. रुईपुढे प्लेन टायगर. कण्हेरीपुढे कॉमन क्रो. बोरापुढे कॉमन पिएरो. डोरलीपुढे फुलपाखरू नाही, तर ‘निळ्या पट्ट्यांची माशी, बघशीलच’ असं. मी वर्षानुवर्षं ही पानं गणपतीला वाहिली होती. त्यांच्यावर कुणी जगतं हे मला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं का, ते विचारायला ती आता नाही. पण वाईला अंगणातल्या रुईची पानं तोडताना ती प्रत्येक पान झटकून, उलटं करून बघायची हे मला स्पष्ट आठवतं.

यादीत नसलेली पण पुण्याच्या माळावर आपसूक उगवणारी नावं बाईंनी वेगळ्या कागदावर दिली: तेरडा, कुर्डू, टाकळा, खुळखुळा, केना, तुंबा, कोरांटी, घोळ, निर्गुडी.

त्यातलं बहुतेक कुठल्याच नर्सरीत मिळालं नाही. एका नर्सरीवाल्याने मला स्पष्ट विचारलं, “ताई, तण कोण विकत घेणार?” मग ऑक्टोबर ते जानेवारी बी गोळा केलं. कासला किंवा कुठल्याही राखीव जागी जायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. तिथलं बी तिथेच पडायला हवं. बावधनच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर पाया खणायचा फलक लागला होता. मालकाला विचारून आम्ही तिथून घेतलं. वरच्या मजल्यावरची चौथीतली मुलगी आणि तिचे दोन मित्र दर रविवारी माझ्याबरोबर.

बी गोळा करताना झाडाशी जी ओळख होते ती फूल बघून होत नाही. तेरड्याची फुगलेली बोंडं हात लावताच फुटतात, साल गुंडाळी होऊन उडते आणि बी चार-सहा फुटांवर जातं, म्हणून आख्खं बोंड मुठीत बंद करून मगच देठापासून तोडायचं. मुलांना हे इतकं आवडलं की अर्धं बी तिथल्या तिथेच पेरलं गेलं. कुर्डूचं बी मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत. तुरा कागदावर झटकला की सांडतं. खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या की हलवून ऐकायच्या, वाजली तर तयार. रुईचं फळ फुटायच्या आत दोऱ्याने बांधून ठेवायचं, नाहीतर म्हाताऱ्या उडून जातात. रुईला मुलांना मी हात लावू दिला नाही. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरी इजा होते. सगळं बी वर्तमानपत्राच्या पुड्यांत, तारीख-जागा लिहून. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या दोन पुड्यांना बुरशी आली, तेव्हापासून प्लास्टिक बंद.

जमिनीचंही उलटं करावं लागलं. शेणखतावर पहिल्या वर्षी गवत आणि परदेशी फुलं माजली होती. माळावरच्या वनस्पतींना एवढं पोट भरलेलं चालत नाही, त्यांच्या डोक्यावर गवत चढतं. म्हणून मी अर्ध्या पट्टीत परत मुरूम मिसळला. माळीमामा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. विकत आणून घातलेली माती खराब करणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. टाकळा आणि खुळखुळा यांच्या बियांचं कवच कठीण असतं. त्या पॉलिश पेपरवर हलक्या घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. बारीक बी राखेत कालवून टाकलं म्हणजे एका जागी पडत नाही.

2023चा पाऊस उशिरा आला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मी वळवाच्या सरीवर भरवसा ठेवून आधीच पेरलं होतं. मुंग्यांनी रांग लावून कुर्डू नेला. दुसऱ्यांदा पेरावं लागलं. वाईकडच्या बांधावरून आणलेली सोनकी उगवली, वीतभर झाली आणि थांबली. तिला सह्याद्रीवरचं धुकं आणि उतार हवा, भिंतीमागची सावली नको. तुंब्याची तीनच रोपं आली. पण तेरडा, टाकळा, केना आणि खुळखुळा यांनी जुलै संपेपर्यंत पट्टी भरून टाकली. रुई आणि डोरली रोपं करून लावली, बेल आणि कण्हेर नर्सरीतून आणले, बोर आपोआप उगवलं.

जुलैच्या शेवटी एका सकाळी टाकळ्याचं एक पान जाळी झालेलं दिसलं. मागच्या वर्षीची मी असते तर तोडून टाकलं असतं. मी खाली बसले आणि पान उलटं केलं. पानाच्या शिरेवर, शिरेसारखीच हिरवी, अंग ताणून एक अळी. ग्रास यलो या छोट्या पिवळ्या फुलपाखराची. तिथेच बसून मी बाईंना फोन केला आणि म्हटलं, “बाई, कुणीतरी राहायला आलंय.”

त्यानंतर सकाळची अर्धी घटका पानं उलटण्यात जायला लागली. रुईवरच्या अळ्या मुलांच्या लाडक्या झाल्या. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचं पान तोडलं की चीक भळभळतो, आणि त्या चिकात छोटी अळी चिकटून मरू शकते. मग ती खाते कशी? एक दिवस ते दिसलं. अळी आधी पानाच्या मधल्या शिरेवर गेली, देठाजवळ ती शीर चावून अर्धी तोडली आणि थांबली. चीक तिथूनच गळून गेला, पुढचं पान लुळं पडलं, आणि मग ती टोकाकडे जाऊन निवांत खायला लागली. चौथीतल्या मुलीने वहीत लिहिलं, “अळीने आधी नळ बंद केला.” शाळेतल्या कुठल्याच धड्याने मला वनस्पतीचा बचाव आणि त्यावरची तोड एवढी स्वच्छ दाखवली नव्हती. आणि चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं, तेच पुढे फुलपाखरात उतरतं, म्हणून पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणून ते इतकं संथ, निर्धास्त उडतं.

त्याच्या या सुरक्षिततेची नक्कल करणारंही एक जण आहे. डॅनाइड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, आणि तिची अळी घोळावर वाढते, त्याच घोळावर ज्याची आपण भाजी करतो. आमच्या घोळाच्या वाफ्यावर ती आली तेव्हा मुलांनी “टायगर चुकलाय, रुई तिकडे आहे” असं ओरडून सांगितलं. चुकलेला नाही, हा वेगळाच प्राणी आहे, हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही बोलणं नव्हतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वाईट घडलं. सोसायटीने डासांसाठी फवारणी करणारा एक ठेकेदार नेमला होता. मला न विचारता तो मागच्या पट्टीतही फवारून गेला. मी संध्याकाळी बँकेतून आले तेव्हा रुईखाली अळ्या वाकड्या होऊन पडल्या होत्या. वहीतल्या नोंदीनुसार सकाळी चौदा होत्या, जिवंत एकही नव्हती. फुलोरी माश्यांचं निर्गुडीवरचं पंख्याएवढंही न झालेलं छोटं पोळं रिकामं. मुलगी माझ्यासमोर रडली आणि मला तिला काय सांगावं ते कळेना.

मी चिडून मीटिंग बोलावली, पण बाईंनी आधी मला सोसायटीभर फिरवलं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आम्हाला तो सापडला कुंड्यांखालच्या ताटल्यांत, गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये, झाकण तुटलेल्या पिंपात आणि एका फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. बागेत पाणी साठेल अशी एकही जागा नव्हती. हे सगळं मोबाइलवर टिपून मी मीटिंगमध्ये दाखवलं. लोकांची भीती खोटी नव्हती. आदल्या वर्षी दोन घरांत डेंग्यू झाला होता. ठरलं असं की दर शनिवारी मुलं ताटल्या आणि पिंपं तपासतील, आणि मागच्या पट्टीत फवारणी होणार नाही. साप येतील हा प्रश्नही निघाला. त्यासाठी भिंतीलगतचा विटांचा ढीग हलवला आणि चालण्याची वाट रुंद, स्वच्छ ठेवली.

दहा दिवसांत रुईवर पुन्हा अंडी दिसली. कुठून आली असेल ती मादी, मला नाही माहीत. पण आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटांवरच्या, नाल्याकडेच्या रुईकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. आमची पट्टी एकटी असती तर ती त्या संध्याकाळीच संपली होती.

खुळखुळ्याने मला सगळ्यात जास्त चकवलं. त्याची पिवळी फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात आली. फूल बंद डबीसारखं असतं. जड भुंगा खालच्या पाकळीवर बसला की त्याच्या वजनाने ती दबते आणि आतून परागकण त्याच्या पोटाला लागतात. हलक्या माशीला ते दार उघडतच नाही. हे बघायला आम्ही एक पूर्ण सकाळ घातली. पण खरी गंमत नंतर होती. ऑक्टोबरात फुलं संपली, शेंगा काळ्या पडल्या, फांद्या सुकल्या, मी काढून टाकणार होते. एका दुपारी बघते तर त्या मेलेल्या फांद्यांवर फुलपाखरं लगडलेली. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो, मोजली तर तीसच्या वर. फूल नाही, मध नाही, सगळी सुकलेल्या शेंगांना आणि पानांना सोंड लावून बसलेली.

बाई म्हणाल्या, “हे जवळजवळ सगळे नर आहेत. ते इथे जेवायला नाही, अत्तरासाठी आलेत.” खुळखुळ्यात अल्कलॉइड नावाची काही कडू रसायनं असतात. नर ती शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला बोलावणारा गंध तयार करतात. तो नसला तर मादी दाद देत नाही. ताज्या झाडापेक्षा सुकलेल्या, चिरडलेल्या भागातून ते सहज मिळतं. मी जे वाळकं म्हणून उपटणार होते त्याच्याशिवाय त्यांची लग्नं अडली असती. त्या वर्षीपासून मागची पट्टी मेपर्यंत वाळकीच उभी असते. मुनिया गवताचं बी टिपतात आणि पोकळ देठांत छोट्या माश्या घरं करतात.

डोरलीपुढे बाईंनी ‘बघशीलच’ लिहिलं होतं. तिचं फूल वांग्यासारखं, जांभळं, मधे पिवळ्या पुंकेसरांची मोळी. त्या पुंकेसरांना फक्त टोकाला बारीक छिद्र असतं. मिठाच्या डबीसारखं. मधमाशी येते, चाचपते, निघून जाते. मग निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी आली, फुलाला मिठी मारली, आणि तिचा गुंजारव एकदम वरच्या पट्टीत गेला. पंख मिटलेले, आतले स्नायू मात्र थरथरत होते. पिवळी भुकटी छिद्रातून तिच्या पोटावर उडाली. आवाज तीन फुटांवरून ऐकू येतो. एकदा कान ओळखायला लागला की बागेत शिरल्याबरोबर, न बघता कळतं ती आली आहे. टोमॅटो आणि वांगी यांनाही याच थरथरीचा फायदा होतो. त्या वर्षी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या टोमॅटोला भरपूर फळ धरलं, ते याचमुळे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तिथे निळ्या पट्ट्यांची माशी मी स्वतः पाहिली.

तोवर माझ्या डोक्यात माशी म्हणजे पोळं एवढंच होतं. जगात मधमाशीच्या गोतातल्या माश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात. राणी नाही, पोळं नाही, मध साठवणं नाही. एक आई, एक बीळ, काही अंडी. त्यांतल्या पुष्कळ जमिनीत बीळ करतात, आणि त्यासाठी त्यांना उघडी, न खणलेली, न झाकलेली माती लागते. आम्ही भिंतीजवळ चार फूट बाय चार फुटांचा चौकोन मोकळा सोडला. काही न लावता. हा चौकोन टिकवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट ठरली. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, “इथे एक गुलाब छान दिसेल.” गुलाब दुसरीकडे आहे आणि त्याच्या पानांच्या कडांना नाण्याने कापावेत तसे गोल तुकडे गेलेले आहेत. पान कापणारी माशी ते तुकडे नेऊन बिळात अंड्यांसाठी अस्तर करते. ज्यांचा गुलाब आहे त्या आजींना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ने बाई. बाळंतिणीला कपडा हवाच.”

मुलांना मधाची पेटी हवी होती. त्यासाठी महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला जाऊन आलो. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाने 2022 साली त्याला मधाचं गाव म्हणून पुढे आणलं. सातेरी माश्यांच्या पेट्या पाहिल्या, मध खाल्ला. तिथल्या एका मधपाळाने मुलांना विचारलं, “तुमच्याकडं फुलोरा किती लांबवर?” आमची पट्टी ऐकून तो म्हणाला, “मग पेटी ठेवली तर आधीच्यांचं काय?” आम्ही पेटी ठेवली नाही.

सगळं गोड झालं नाही, आणि तेही शिकणंच होतं. कण्हेरीवर कॉमन क्रोचे कोश लटकले, वितळलेल्या चांदीचे थेंब असावेत तसे, त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. त्यांतून फुलपाखरं आली. पण रुईवरच्या एका कोशाला बाजूने काळा डाग पडला. आम्ही रोज वाट पाहिली. एक दिवस कोशातून एक चिकट धागा लोंबत होता आणि खाली मातीवर चार तपकिरी दाणे. घरमाशीसारख्या एका माशीने अळी जिवंत असतानाच तिच्यावर अंडी घातली होती, तिची पिल्लं आतून खाऊन, खाली उतरून कोशात गेली होती. मुलीने विचारलं, “आपण आधीच अळी डब्यात ठेवली असती तर?” त्यावर तिन्ही मुलांचं तासभर भांडण झालं. शेवटी त्यांनी ते दाणे मातीसकट बरणीत ठेवले, जाळी बांधली. नऊ दिवसांनी करड्या, केसाळ माश्या निघाल्या आणि त्यांनी त्या बागेत सोडून दिल्या. मी काही सांगितलं नव्हतं.

एका जागी माझा नियमही मोडला. पानफुटी मूळची मादागास्करची, म्हणून मी तिला नको म्हणत होते. पण रेड पिएरो हे काळं-पांढरं-केशरी छोटं फुलपाखरू आपलं, आणि त्याने पानफुटीला आपलंसं केलंय. त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून नुसती फिकट वाट दिसते. आता तीन कुंड्या पानफुटी आहे. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू केलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, मात्र एकदाच आली. तळहाताएवढी, काळ्यावर निळं आभाळ. बेलावरून दोन घिरट्या घातल्या आणि भिंतीपलीकडे गेली. लिंबू लावलंय, वाट बघतोय.

2024 साली गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. सोसायटीतल्या अकरा घरांना पत्री आमच्या पट्टीतून गेली. मुलांनी तोडली, प्रत्येक पान उलटं करून. गौरी आल्या तेव्हा आमच्याकडे वाईच्या पद्धतीने तेरड्याच्या होत्या, आणि तेरडा विकतचा नव्हता. त्यातल्या एका फांदीवर शेपटीला शिंग असलेली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली पतंगाची अळी सापडली. तेवढी फांदी परत खाली नेऊन ठेवली आणि गौरीला दुसरी आणली.

त्याच ऑक्टोबरात बाईंनी मला अंधार पडताना बॅटरी घेऊन बोलावलं. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांवर, एका काडीवर एक, निळ्या पट्ट्यांचे नर रांगेने झोपले होते. काडी जबड्यात घट्ट धरलेली, पाय सोडलेले, अंग आडवं हवेत. नरांना बीळ नसतं. रोज संध्याकाळी त्याच काड्यांवर येऊन ते असेच दातांवर झोपतात. बॅटरीवर लाल कागद लावून आम्ही मोजले, सतरा होते. परत वळलो तर मागे खजिनदार काका उभे. “काय बघताय अंधारात?” मी त्यांना बॅटरी दिली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि काही न बोलता वर गेले.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला माझ्या दाराची बेल वाजली. काका दारात, हातात माझ्यासारखीच लाल कागद लावलेली बॅटरी. “अगं, काल सतरा होते ना? आज अकराच आहेत. चल बघू, बाकीचे कुठे गेले ते.”